मुंबई एका तासावर !

सोलापूर आणि मुंबई यांच्यांतील अंतर आतां अवघ्या एका तासाचें उरलें आहे, हें वाक्य ऑक्टोबर २०२५ मध्यें उभय शहरांच्या दरम्यान विमानसेवा सुरू झाल्यापासून मीं इतक्या वेळां व इतक्या निरनिराळ्या मुखांतून ऐकलें आहे कीं, कोणीं रातोरात आमचें गांव उचलून कर्जतच्या पलीकडे नेऊन ठेविलें कीं काय, अशी शंका यावी. सभेंत अध्यक्षमहाराज हें वाक्य उच्चारतात व टाळ्यांचा कडकडाट होतो; लग्नाच्या मांडवांत वरपक्ष तें वधूपक्षाला ऐकवितो; वर्तमानपत्रें तें ठळक अक्षरांत छापतात; आणि परवां एका विद्यार्थ्याच्या निबंधांतही तें मला जसेंच्या तसें आढळलें. एखादें विधान इतकें सर्वमुखीं झालें म्हणजे तें तपासून पाहण्याची वेळ आली असें समजावें, हा धडा मला इतक्या वर्षांच्या अध्यापनानें दिला आहे. विद्यार्थी ज्या वाक्याविषयीं पूर्ण निःशंक असतो, चूक बहुधा त्याच वाक्यांत दडून बसलेली असते.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मी विमानाचा वैरी नाहीं. बैलगाडीच्या घुंगुरांचें कौतुक करावयाचें आणि स्वतः मात्र मोटारींतून हिंडावयाचें, या संप्रदायाचा मी अनुयायी नाहीं. एका शहरांत मृत झालेल्या मनुष्याचें हृदय चार-सहा तासांच्या मर्यादेंत दुसऱ्या शहरांतील रुग्णाच्या छातींत बसवितां येतें, याचें पुष्कळसें श्रेय विमानाकडे जातें. आणि जें यंत्र एवढें करूं शकतें त्याची थट्टा करण्याइतका मी कृतघ्न नाहीं. माझें भांडण विमानाशीं नाहीं. विमानाच्या नांवावर खपविल्या जाणाऱ्या एका हिशेबाशीं आहे. तो हिशेब खोटा आहे, आणि त्या खोट्या हिशेबावर एका गांवाचें भवितव्य मांडलें जात आहे, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रथम साधें गणित करूं. आमच्या होटगी रस्त्यावरील विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेंत सुमारें ३६० किलोमीटर अंतर आहे. लोहमार्गानें सोलापूर ते मुंबई ४५५ किलोमीटर भरतात. विमान आपलें अंतर सुमारें तासाभरांत कापतें, हें कोणीच नाकारीत नाहीं. परंतु मनुष्य विमानतळावर जन्मत नाहीं, आणि त्याचें कामही विमानतळावर नसतें. बाळीवेशींत राहणारा एखादा व्यापारी मंत्रालयांत अडकलेल्या आपल्या फायलीमागें निघाला आहे, असें समजा. घरून विमानतळ गांठण्यास अर्धा तास. तेथें तपासण्या, रांगा व प्रतीक्षा यांत दीड तास. आकाशांत एक तास. उतरून, सामान ताब्यांत घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. आणि तेथून मुंबईच्या गर्दींतून वाट काढीत दक्षिण टोंकाला पोहोंचेपर्यंत आणखी दीड तास. बेरीज पांच तासांची झाली. फेब्रुवारी २०२३ पासून धांवूं लागलेली वंदे भारत गाडी सोलापूरहून साडेसहा तासांत त्याला थेट बोरीबंदरावर नेऊन सोडते. म्हणजे ज्या पराक्रमासाठीं एवढे ढोल वाजले, तो पराक्रम दीड तासाचा ठरला !

हाच व्यापारी रात्रीं जेवणखाण आटोपून सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्यें झोंपला असता, तर सकाळीं दांत घासण्याच्या वेळीं मुंबईंत असता. त्या प्रवासास किती वेळ लागला ? घड्याळाला विचाराल तर सुमारें आठ तास. त्या गृहस्थाच्या आयुष्याला विचाराल तर जवळजवळ कांहींच नाहीं, कारण ते तास त्यानें घरींही झोंपेंतच घालविले असते. परळच्या टाटा रुग्णालयांत दाखविण्यासाठीं निघालेला आमच्या जिल्ह्यांतील रोगी याच गाडीनें दादरला उतरतो, आणि तेथून त्याचें रुग्णालय हाकेच्या अंतरावर असतें. त्याच्या दृष्टीनें मुंबई फार पूर्वींच एका रात्रीवर आलेली आहे. त्याची अडचण वेगाची नाहींच. त्याची अडचण ही कीं त्या गाडींत त्याला आडवें होण्यापुरती जागा मिळत नाहीं. त्या जागेविषयीं सभा भरत नाहींत.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, 'प्रोफेसरसाहेब, तुम्ही मिनिटें मोजीत बसलां आहां. आम्ही युग मोजीत आहों.' ठीक आहे, युगाचा विचार करूं. पण युगाचा विचार करणारानें आधीं अंतर म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. आमच्या पूर्वजांचें मोजमाप ओबडधोबड होतें, परंतु त्यांत लबाडी नव्हती. कोस हा प्रांताप्रांताला वेगळा असे. पण खरें माप होतें तें मजलेचें आणि मुक्कामाचें. अमुक गांव तीन मजलांवर आहे, असें म्हणतांना वाटेंतील नदी, घाट, डोक्यावरील ओझें, जनावरांचा दम आणि ऋतु हें सर्व त्या शब्दांत धरलेलें असे. उन्हाळ्यांतील तीन मजला पावसाळ्यांत पांच होत. आषाढांत आळंदीहून पंढरपूरला येणारी पालखी अडीचशें किलोमीटरांच्या आसपासच्या वाटेला जवळजवळ तीन आठवडे घेते. मोटार तेंच अंतर सकाळीं निघून दुपारच्या जेवणापूर्वीं संपविते. म्हणून कोणी वारकऱ्याला मागासलेला म्हणत नाहीं, कारण त्याला वाट संपवावयाची नसून चालावयाची असते. तात्पर्य, अंतर हें दोन शहरांचें नसतें. तें त्यांच्यामध्यें जाणाऱ्या मनुष्याचें असतें. तो कोण आहे, कशासाठीं निघाला आहे, त्याच्या कनवटीला काय आहे आणि त्याला कोण वाट देतो, हें विचारल्यावांचून 'किती दूर' या प्रश्नाला उत्तरच नाहीं. आजकालचीं कोष्टकें शहरांच्या दोन नांवांपुढें किलोमीटर व तास असे दोन आंकडे लिहितात आणि मनुष्याला त्यांतून वगळतात.

बरें, हे आंकडे तरी स्थिर असतात काय ? भूगोलाच्या गोलावर सुतानें मोजलेलें अंतर स्थिर असतें खरें. परंतु विमान त्या सुतावरून जाईलच असें नाहीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें युक्रेनचें युद्ध पेटलें आणि रशियानें युरोपीय विमानांना आपलें आकाश बंद केलें. हेलसिंकीहून टोकियोला साडेनऊ तासांच्या आसपास पोहोंचणारीं विमानें वळसा घालून तेरा तासांच्या घरांत गेलीं. पृथ्वी तीच, यंत्र तेंच, इंधन तेंच. एका हुकुमानें दोन शहरें साडेतीन तासांनीं एकमेकांपासून दूर सरकलीं. एप्रिल २०२५ मध्यें पाकिस्ताननें आपल्या विमानांना आकाश नाकारलें, तेव्हां दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. म्हणजे ज्याला आपण विज्ञानाचा विजय म्हणतों तो राजकारणाच्या मर्जीवर उभा असतो. आणि जो वेळ कोष्टकांत छापला जातो तो निसर्गाचा नियम नसून एक तात्पुरता परवाना असतो.

या बाबतींत आमच्या गांवाला दूरचें उदाहरण शोधावयास नको. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरांत जन्मले. १९३८ च्या सप्टेंबरांत काँग्रेसनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांतून ते मुंबईहून बोटीनें निघाले, आणि कॅन्टन, हँकौ, चुंगकिंग असें करीत १९३९ च्या फेब्रुवारींत येनानला पोहोंचले. सोलापूरपासून येनानपर्यंत गोलावर सूत धरलें तर सुमारें ३,९०० किलोमीटर भरतात. आजचें जेट विमान त्या सुतावरून जाऊं शकलें, तर पांच तासांच्या आंत पोहोंचेल. कोटणिसांना पांच महिन्यांहून अधिक काळ लागला. आतां आमच्या प्रतिपक्षाच्या हिशेबानें आपण कोटणिसांच्या कितीतरी पट चीनच्या जवळ गेलों असलों पाहिजे. प्रत्यक्षांत काय झालें ? २०२० च्या आरंभीं भारत आणि चीन यांमधील थेट विमानसेवा थांबली, आणि ती पुन्हां सुरू होण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. म्हणजे ज्या महिन्यांत मुंबई आमच्यापासून एका तासावर आली, त्याच महिन्यांत. मधल्या पांच वर्षांत चीनला जाणारा मनुष्य तिसऱ्या देशाच्या वाटेनें वळसे घालीत जात होता. विमानें हँगरांत सज्ज होतीं, वैमानिक सज्ज होते. नव्हती ती फक्त इच्छा. कोटणिसांच्या काळीं नेमकें उलट होतें. साधन तुटपुंजें होतें, मार्गावर बाँब पडत होते, आणि इच्छा मात्र अभंग होती. चीनमध्यें असतांनाच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली, तरी ते परतले नाहींत. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, बत्तिसाव्या वर्षीं, ते तेथेंच वारले. त्यांच्या मुलाचें नांव यिनहुआ, म्हणजे हिंद आणि चीन, असें ठेवलेलें होतें. या दोन देशांतील अंतर किती, हें त्या नांवावरून मोजावें कीं विमानाच्या वेळापत्रकावरून, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

आतां पुन्हां आपल्या घराकडे वळूं. सोलापूर आणि मुंबई यांमध्यें इतकीं वर्षें विमान कां नव्हतें ? धांवपट्टी होती, प्रवासी होते. यापूर्वींही येथून प्रवासी विमानें उडून पुन्हां बंद पडलीं होतीं, हें आज टाळ्या वाजविणारांनीं विसरूं नये. जी सेवा बंद पडूं शकते तिच्या भरंवशावर गांवाचें स्थान भूगोलांत बदलत नाहीं. पुढें वाद आला तो चिमणीचा. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी उड्डाणाच्या मार्गांत येते, असा आक्षेप निघाला. मोर्चे झाले, दावे झाले, आणि अखेर १५ जून २०२३ रोजीं ती चिमणी पाडण्यांत आली. त्या वादांत कायदा कोणाच्या बाजूनें होता, याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु एक गोष्ट मराठी भाषेनेंच आमच्यापुढें मांडून ठेवली आहे. मोठा पक्षी उडावा म्हणून चिमणी पाडावी लागली. आणि चिमणी पडल्यावरही तो पक्षी लगेच उडाला नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें विमानतळाचें उद्घाटन झालें, गोव्याकडे पहिलें विमान निघालें तें जून २०२५ मध्यें, आणि मुंबईकडे त्याच्याही नंतर. ज्या उसाच्या गाड्या त्या कारखान्याच्या दारांत रात्र रात्र उभ्या राहत, त्यांचे मालक या विमानाचे प्रवासी नव्हेत. एका वर्गाचा तास वांचविण्यासाठीं दुसऱ्या वर्गाला किंमत मोजावी लागते, हें सत्य निदान झांकून ठेवूं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे.

किंमतीचा विषय निघालाच आहे तर तोही पुरा करूं. या शहरांत हजारों स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. त्यांची मजुरी हजारी विड्यांवर ठरते, आणि हजार विड्या वळेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. त्या स्त्रीला मुंबई किती दूर आहे असें विचारलें, तर तिनें तासांत उत्तर कां द्यावें ? तिनें विड्यांत द्यावें. आगगाडीच्या साध्या डब्यानें मुंबई तिला थोड्या विड्यांवर आहे. विमानानें ती कित्येक हजार विड्यांवर आहे. म्हणजे जें साधन एकाला मुंबईच्या जवळ नेतें, त्याच साधनाच्या मापानें दुसरीसाठीं मुंबई अनेक दिवस लांब जाते. शिवाय या मार्गावरील तूट भरून देण्याचें राज्यशासनानें २०२५ मध्यें ठरविलें. तूट भरली जाते ती सर्वांच्या पैशांतून. तींत त्या विडीवालीच्या काडेपेटीवरचा करही आला. म्हणजे जो तास तिला कधीं मिळणार नाहीं त्याचें मोल मात्र तीही देते. शासनानें कोणत्याही सेवेला कधींच मदत करूं नये, असें मी म्हणत नाहीं. आगगाडीलाही मदत होते. परंतु आगगाडींत ती बसूं शकते.

आतां प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा. तो म्हणतो, 'आगगाडी आली तेव्हांही कुरकुरणारे होतेच. पण आगगाडीनेंच सोलापूर घडविलें. विमान दुसरें सोलापूर घडवील.' या मुद्द्याचा पूर्वार्ध खरा आहे. १८६० साली लोहमार्ग सोलापूरला पोहोंचला, १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला होऊन मुंबईशीं अखंड दुवा जुळला, आणि १८७१ साली रायचूरमार्गें मद्रासकडची वाट उघडली. १८७७ साली येथें पहिली कापडगिरणी, आमची 'जुनी गिरणी', उभी राहिली. मागाहून इतर आल्या. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले, आणि त्यांच्या मागांवरील चादरीनें या गांवाचें नांव देशभर नेलें. हें सर्व मान्य. परंतु आगगाडीनें हें कशामुळें केलें ? तिनें कापूस आणला, कोळसा आणला, यंत्रें आणलीं. आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या लांकडी बांकावर बसवून तिनें विणकर आणि त्याचें कुटुंब आणलें. आगगाडीचें सामर्थ्य तिच्या वेगांत नव्हतें, तिच्या पोटांत होतें. आमच्या धांवपट्टीवर उतरणाऱ्या विमानाच्या पोटांत सत्तर-पंचाहत्तर माणसें व त्यांच्या पेट्या मावतात. चादरीचे गठ्ठे त्यांतून जात नाहींत, डाळिंबाच्या राशी जात नाहींत, आणि माग टाकण्यासाठीं कोणी विणकर त्यांतून येणार नाहीं.

शिवाय त्याच इतिहासाचें दुसरें पान प्रतिपक्ष उलटीत नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आमच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तेव्हां आगगाडी बंद झाली होती काय ? उलट ती पूर्वींपेक्षां जलद धांवत होती. गिरण्या उघडल्या तेव्हां जी आगगाडी होती, तीच गिरण्या मिटल्या तेव्हांही होती. दळणवळणानें उद्योगाला वाट मिळते. उद्योग मिळत नाहीं. भांडवल, पाणी, वीज, शिक्षण व शहाणपण हीं पांच नसलीं तर वाट फक्त बाहेर जाण्याच्या कामीं येते.

बाहेर जाणें हाच माझ्या लेखाचा खरा मर्मविषय आहे, आणि येथें मीं थोडें स्वतःच्या अनुभवांतून बोललों तर क्षमा असावी. जवळीक ही दुतर्फा असते, हें आम्ही विसरतों. मुंबई-पुणें जवळ आल्यानें तेथील लोक सोलापुरांत येतील, असें वाक्य आम्ही नेहमीं एकाच दिशेनें वाचतों. माझ्या वर्गांतील बांकांनीं तें वाक्य दुसऱ्या दिशेनें वाचलेलें आहे. पुण्याचा रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, तास कमी झाले. आणि प्रत्येक वर्षीं माझ्या हाताखालून गेलेले चांगले विद्यार्थी पदवीचा कागद हातीं पडतांच त्या रस्त्यानें निघून गेले. मोठें शहर आणि लहान शहर यांच्यांतील अंतर तुटलें म्हणजे लहान शहर मोठें होत नाहीं. तें मोठ्याचें अंगण होतें. तरुण जातात यांत त्यांचा दोष नाहीं; मीही त्यांच्या वयाचा असतों तर गेलों असतों. पण मग जवळीक वाढली तर ते अधिक वेळां घरीं येतात, हें तरी खरें असावें ! जुळे सोलापुरांतील अनेक बंगल्यांत संध्याकाळीं फक्त एकाच खोलींत दिवा असतो. तेथील आईबापांना विचारा. 'मुलगा चार तासांवर आहे' असें ते अभिमानानें सांगतात; आणि मग दिवाळीला आला होता कां, असें विचारलें म्हणजे विषय बदलतात. ज्यांचा मुलगा कॅलिफोर्नियांत आहे ते 'फक्त एका दिवसाचा प्रवास' असें म्हणतात. परंतु त्या एका दिवसाच्या दारावर व्हिसाचा शिक्का, कचेरीची रजा आणि तिकिटाचा भाव असे तीन द्वारपाल उभे असतात. २०२० च्या मार्चांत विमानें व गाड्या सर्वच थांबलीं, तेव्हां तो एक दिवस किती महिन्यांचा झाला, तें या गल्ल्यांना पक्कें ठाऊक आहे. आणि त्याच वेळीं आमच्या हमरस्त्यावरून डोक्यावर बोचकीं घेऊन पायीं निघालेल्या मजुरांनीं आम्हांला कोस आणि मजल या विस्मृत शब्दांचे अर्थ पुन्हां शिकविले.

कोणी म्हणेल, दोष दाखविणें सोपें आहे. तुमचा उपाय काय? माझा उपाय नवा नाहीं, आणि तो याच भागांत पूर्वीं यशस्वी झालेला आहे. अंतर कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. मनुष्याला त्याच्या कामाकडे अधिक वेगानें फेंकणें हा एक. आणि कामच मनुष्याच्या जवळ आणून ठेवणें हा दुसरा. १ ऑगस्ट २००४ रोजीं सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालें. त्यापूर्वीं आमचा विद्यार्थी एका गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठीं एस्. टी. च्या गाडींत बसून कोल्हापूरची वाट धरीत असे. त्या दिवशीं कोणतेंही विमान उडालें नाहीं, रस्ता एक हातही आंखूड झाला नाहीं. तरीही हजारों विद्यार्थ्यांच्या आयुष्यांतून एक अख्खा प्रवास नाहींसा झाला. ऑगस्ट २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ कोल्हापूरला बसूं लागलें, आणि सोलापूर जिल्हाही त्याच्या कक्षेंत आला. कोल्हापूर कांहीं आमच्या दारांत नाहीं. परंतु पक्षकाराला मुंबईंतील भाडें, मुंबईंतील वकील आणि मुंबईंतील मुक्काम यांतून थोडी तरी सुटका मिळाली. न्याय जवळ आला तो असा. सर्वांत जलद प्रवास तो, जो करावाच लागत नाहीं. मंत्रालयांतील जी फाईल हालविण्यासाठीं आमचा व्यापारी तिकीट काढतो, ती फाईल त्याच्यावांचून हालूं लागली, तर त्याचा एक तासच काय, अख्खा दिवस वांचेल. आणि कर्करोगावर जें जें उपचार येथें होऊं शकतात ते येथें पुरेसे होऊं लागले, तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमधील आडवें होण्याची जागा ज्याला खरोखर परळला जावें लागतें त्याच्यासाठीं मोकळी राहील.

विमानालाही कांहीं निवड करतां येते, हें आमच्याच देशानें एकदां दाखविलें आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हां त्यांच्या लहानशा विमानांत काय होतें ? धनिक प्रवासी नव्हते; टपालाच्या थैल्या होत्या. आपल्या देशांतील या पहिल्या नियमित हवाईसेवेनें प्रथम माणसें नेलीं नाहींत, माणसांचीं पत्रें नेलीं. वेग हा दुर्मिळ पदार्थ आहे. तो प्रथम कोणाला वाढावयाचा, हा प्रश्न त्या दिवशीं होता आणि आजही आहे. आम्हीं त्याचें उत्तर विचार न करतांच देऊन टाकलें आहे.

नाहीं तर पुढील विसंगति आम्हांला डांचली असती. उजनी धरण सोलापूरपासून शंभराहून थोड्या अधिक किलोमीटरांवर आहे. त्या धरणाचें पाणी या शहराच्या नळांना कित्येक वर्षें चार-चार, पांच-पांच दिवसांआड येत राहिलें. मुंबई एका तासावर आणि उजनी पांच दिवसांवर, असें हें आमचें अंतराचें कोष्टक ! घागर घेऊन पहाटे नळाखालीं बसणाऱ्या गृहिणीला कोणीं हें कोष्टक कधीं वाचून दाखविलें आहे काय ? प्रवासी पोहोंचविणें महत्त्वाचें कीं पाणी पोहोंचविणें, असा वाद मी घालीत नाहीं, दोन्ही करावींत. परंतु ज्या शहरानें पहिल्यासाठीं चिमणी पाडण्याइतकी निकड दाखविली, त्यानें दुसऱ्यासाठीं वर्षानुवर्षें कसला धीर धरला, याचा जाब त्यानें स्वतःलाच विचारावा.

म्हणून माझी मागणी थोडी आणि गद्य आहे. विमान उडूं द्या. परंतु सभांतून व वर्तमानपत्रांतून 'एका तासाचें' अंतर सांगणाऱ्यांनीं घराच्या उंबऱ्यापासून कामाच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ सांगावा, आणि त्याच ओळींत भाडें सांगावें. विमानाची तूट भरून द्यावयाची असेल, तर तितकीच रक्कम रात्रींच्या गाड्यांना साधे व शयनाचे डबे जोडण्यासाठीं मागावी. आणि कोणतेंही अंतर 'मिटलें' असें जाहीर करण्यापूर्वीं त्या अंतराच्या दोन टोंकांना राहणाऱ्या सर्वांत गरीब मनुष्याला विचारावें. परवां त्या विद्यार्थ्याच्या निबंधांतील तें वाक्य मीं खोडलें नाहीं. त्याच्यापुढें लाल शाईनें एवढेंच लिहिलें : 'कोणाला ?' उत्तरपत्रिका परत घेतांना तो थांबला, आणि म्हणाला, 'सर, मी अजून विमानांत बसलेलों नाहीं.' त्याचें उत्तर बरोबर होतें. त्याला मीं पूर्ण गुण दिले.